निजसुरेसरांचा साथीचा तास

डॉ. निजसुरे कुणालाही भेटले की "नमस्कार" म्हणत नसत. "पोट कसं आहे?" असं विचारत. आणि विचारून गप्प उभे राहत. बाकी जग "कसं काय, बरं ना?" विचारतं आणि उत्तराच्या आत पुढे सरकतं. सर उत्तर मिळेपर्यंत हलत नसत. त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात व्याह्यांनी पुढे होऊन हात जोडले, तेव्हा सरांनी त्यांनाही हेच विचारलं. व्याही भोळे होते. त्यांनी मांडवाच्या दारात, सनईच्या सुरात, गेल्या तीन दिवसांचं सगळं सविस्तर सांगितलं. मुहूर्त टळता टळता राहिला. सर मात्र म्हणाले, "त्या अख्ख्या लग्नात कामाचं एवढं एकच बोलणं झालं."

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात ते आम्हाला सार्वजनिक आरोग्य शिकवत. दिवस युद्धाचे होते. आमच्यातल्या प्रत्येकाला मोठा सर्जन व्हायचं होतं. सार्वजनिक आरोग्याला आमच्या लेखी पानातल्या लिंबाच्या फोडीइतकी किंमत होती. असावी, नसली तरी जेवण अडत नाही. सरांना हे पुरतं ठाऊक होतं. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "रोग बरा करणाऱ्या डॉक्टरला लोक काय देतात?"

"पेढे, सर."

"आणि रोग होऊच न देणाऱ्याला?"

कुणी तरी "नारळ" म्हणून पाहिलं.

"शिव्या," सर समाधानाने म्हणाले. "ज्यांना पेढ्यांची आवड आहे त्यांनी मागच्या बाकावर बसावं."

अंगात खिसेच खिसे असलेला काळा कोट, खाली खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला हॅट. हा वेष त्यांनी कॉलेजात, बाजारात आणि त्या भाच्याच्या लग्नातही बदलला नाही. त्यांची दोन वाक्यं आम्हाला पाठ होती. एक, "साथ न सांगता येत नाही हो. पत्र टाकून येते. आपण पत्र फोडत नाही." आणि दुसरं म्हणजे नुसतं "मग पुढे?" या दोन शब्दांनी त्यांनी भल्याभल्यांना रडवलं. कुणी म्हणालं, "विहिरीत औषध टाकू," की सर म्हणत, "मग पुढे?" "लोक ते पाणी पितील." "मग पुढे?" "ते वाचतील." "आणि पाण्याला वास येतो म्हणून जे पिणार नाहीत, ते?" इथे उत्तर देणारा खाली बसे. आम्ही त्यांना पाठीमागे 'साथीदार' म्हणत असू. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले आणि ज्याने हे नाव काढलं त्याला तोंडी परीक्षेत पास करून टाकलं.

दरवर्षी चैत्रात सर बारा विद्यार्थी निवडून कर्जतला न्यायचे. कोण निवडला जायचा? ज्याने सबब चांगली सांगितली तो. "ज्याला सबब सुचते त्याला दुसऱ्याची सबब ओळखता येते," असं त्यांचं म्हणणं. मी सबबीत आजीला मारलं होतं, मिस प्रधानने थोरल्या बहिणीचं लग्न काढलं होतं; दोघांची निवड झाली. वर्गात ती एकटीच मुलगी होती आणि अकलेने आम्हा अकरा जणांना पुरून उरणारी होती.

कर्जतच्या शाळेत आमचा मुक्काम. तिथून बैलगाडीने खालापूरकडच्या गावांत फिरायचं, विहिरी बघायच्या, लोकांना पटकीची लस टोचायची. लोक टोचून घ्यायला तयार नसत. मग सर चावडीवर कोट काढून स्वतःच्या दंडात सुई घालून घेत. पहिल्या गावात घेतली, दुसऱ्यात घेतली, तिसऱ्यात घेतली. चौथ्या गावात दंड भोपळ्यासारखा झाला. मी हळूच म्हटलं, "सर, आज सुई नुसती टेकवतो, आत काही सोडत नाही. कुणाला कळणार?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली समई चोरली होती. "एकाला जरी कळलं तरी खरं कोण टोचून घेईल? टोच." मी टोचलं. रात्रभर कण्हत होते, आणि सकाळी पाचव्या गावाला निघताना गाडीत सगळ्यांच्या आधी बसलेले.

पण त्या वर्षीची खरी गोष्ट जत्रेची. खालापूरच्या बाजूला एक देवीचं गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली पोरं आता शिकली आहेत, रागावतील. चैत्रात तिथे मोठी जत्रा भरते. घाटावरून, कोकणातून माणसं येतात, आणि नेमकं तेव्हाच विहिरींचं पाणी तळाला जातं. त्यातून त्या वर्षी घाटावर पटकी सुरू झाल्याची खबर होती. सरांच्या भाषेत, पत्र आलं होतं.

मामलेदार घाईचे गृहस्थ होते. "जत्रेवर बंदीचा हुकूम काढतो. विषय संपला," ते म्हणाले.

"विषय संपत नाही, रावसाहेब," सर म्हणाले. "रस्ता बदलतो. नवस बोललेला माणूस घरी बसत नाही. सरळ वाट बंद केलीत तर रानातून येईल आणि डबक्यातलं पिईल. त्यापेक्षा त्याला उजळ माथ्याने येऊ द्या, आणि आपण पाणी पाजू."

"आणि काही झालं तर?"

"तर मी जबाबदार. लिहून देतो."

मामलेदारांनी खरंच लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मिस प्रधान म्हणाली, "सर, हे फार धोक्याचं नाही का?" सर म्हणाले, "आहे. म्हणून तर तुम्हा बारा जणांना आणलं. तेरावा मी."

जत्रेला आठ दिवस होते. देवळाच्या पायरीवर बसून सरांनी हॅट उलटी केली आणि तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या. मिस प्रधानला चिठ्ठी आली 'मामलेदार'. मेहता नावाच्या गुजराती मित्राला आली 'पुजारी'. तो आयुष्यात पहिल्यांदाच उघड्या अंगाने बसला. कुणी पाटील झाला, कुणी दुकानदार. माझ्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: 'पटकी.'

"दांडेकर, तू रोग," सर म्हणाले. "हे सगळे मिळून गावाचा बंदोबस्त करणार. तू गावात शिरून दाखवायचं. हा घे गेरू. जिथे तुझं लाल बोट लागेल, तिथे पटकी लागली असं समजायचं."

दोन दिवस ही परीक्षा चालली. मिस प्रधानने बंदोबस्त नमुनेदार केला होता. देवळाजवळ चांगुणाबाईच्या शेतात मोठी विहीर होती, सगळी जत्रा तिचंच पाणी पीत असे. तिथे एकच दोर, एकच पोहरा आणि पाणी वाढायला दोन माणसं. बाकी कुणी तांब्या आत सोडायचा नाही. मी उसाच्या चरकाकडे गेलो, तिथे मेहता उभा. मिठाईकडे वळलो, तर तिच्यावर जाळी. गेरू वाळून चालला.

चांगुणाबाई ही चाळिशीची, एकहाती शेती करणारी, जिभेने धारदार बाई. तिला हा खेळ मनापासून आवडला. मी दिसलो की बांधावरून ओरडायची, "काय गं पटके, जेवलीस का? का उपाशीच हिंडतेस?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दोन दिवसांत सगळं गाव मला 'पटके' म्हणू लागलं. गावच्या खऱ्या पाटलाने तर एकदा वाकून "या पटकीबाई, बसा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागून ओढ्याच्या बाजूला गेलो. तिथे कातकरवाडी होती. ओढ्याच्या वाळूत खड्डा करून तिथली माणसं झिरपलेलं पाणी भरत होती. औषध नव्हतं, पोहरा नव्हता, आमच्यातलं कुणीही नव्हतं. मी खड्ड्याच्या कडेला लाल बोट लावलं. तिथलीच दोन माणसं जत्रेसाठी लाकडाच्या मोळ्या घेऊन निघाली होती. त्यांच्या मोळ्यांनाही लावलं. संध्याकाळी त्या मोळ्या मिठाईवाल्याच्या चुलीपाशी, पुजाऱ्याच्या दारात आणि थेट देवीच्या मुदपाकखान्यात पोचल्या.

मिस प्रधानच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, तो पाडा नकाशात नव्हता."

"नकाशा कुणी काढला?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"गावच्या पाटलांना."

"मग पुढे?"

तिने वही घेतली आणि तशीच कातकरवाडीकडे चालू लागली. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास, दांडेकर. फार उत्तम रोग आहेस." मला आजवर मिळालेलं हे सर्वात विचित्र प्रशस्तिपत्रक.

मग आली जाहीर नोटीस. ती लिहिण्यात आमचे दोन दिवस गेले. सरांचा नियम असा, की नोटीस चांगुणाबाईला वाचून दाखवायची. तिला कळली तर पास. पहिला मसुदा मी वाचला: "सर्व यात्रेकरूंस याद्वारे इशारा देण्यात येत आहे की, दूषित जलाचे प्राशन..."

चांगुणाबाईने हातातला विळा खाली ठेवला. "कोन मेलंय का?"

नापास. दुसरा मसुदा ऐकून ती म्हणाली, "ह्ये देवाचं हाय का सरकारचं?" तिसऱ्याला तिने जांभई दिली. शेवटी मिस प्रधानने चुलीपाशी बसून तिच्याशी गप्पा मारता मारता लिहिलं: देवीला या. वाढलेलं पाणी प्या. आपला तांब्या विहिरीत सोडू नका. कुणाला जुलाब-उलटी झाली तर लपवू नका, डॉक्टरांच्या मांडवात आणा, आम्ही हाकलणार नाही.

"हां, आता कळलं," चांगुणाबाई म्हणाली. "पन बाय, ते हाकलनार नाय, ते सगळ्यात आदी लिवा. मानूस पानी कशाला लपवील? मानूस आजार लपवतो. हाकलत्याल म्हून."

सरांनी खिशातून पेन्सिल काढून मिस प्रधानला दिली. मग आम्हाला म्हणाले, "लिहून घ्या. हे कुठल्याही पुस्तकात नाही." आणि ते वाक्य वर गेलं. गावोगाव दवंडीही तशीच पिटवली.

जत्रा भरली. विहिरीत लाल औषध टाकल्यावर पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुजारी कुरकुरला. चांगुणाबाई सगळ्या बायकांना सांगत सुटली, "देवीनं पान्याला कुंकू लावलंय, प्या." सरांना हे खोटं चाललं नाही. ते तिच्या पाठोपाठ फिरत "कुंकू नाही, औषध आहे," असं सांगत होते. बायका तिचं ऐकत होत्या, पाणी पीत होत्या आणि यांना हात जोडून पुढे जात होत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घाटावरचा एक कासार बांगड्यांची पेटी पाठीवर घेऊन, भिंत धरत धरत आमच्या मांडवात आला. डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला. "हाकलनार नाय म्हनले व्हते," एवढं बोलून तो आडवा झाला.

आता खेळ नव्हता. सरांचा आवाज अगदी खालच्या पट्टीत गेला. "दांडेकर, सलाईन. प्रधान, हा काल कुठे उतरला, कुठे जेवला, सगळं विचारून घ्या, गोड बोलून. मेहता, त्याचे कपडे उकळा." शीर सापडेना. तिसऱ्या वेळी सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही पाळीपाळीने बसलो. उजाडल्यावर कासाराने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "माजी पेटी?" सरांनी पेटी उचलून त्याच्या उशाशी ठेवली आणि विचारलं, "पोट कसं आहे?" तो प्रश्न एवढा योग्य जागी मी पुन्हा कधी ऐकला नाही.

कासाराच्या धर्मशाळेतल्या सोबत्यांना आम्ही वेगळं ठेवलं, पोटभर जेवू घातलं. पाच दिवस वाट पाहिली. दुसरा रोगी आला नाही. गावात नाही, कातकरवाडीत नाही, आजूबाजूला कुठेही नाही.

सहाव्या दिवशी आम्ही निरोप घ्यायला गेलो तर पाटील म्हणाला, "एवढा तमाशा केलात, डाक्टर. औषधं काय, मांडव काय. पटकी आली कुठं?" पुजारी म्हणाला, "पाण्याची चव मात्र घालवलीत." मामलेदारांनी सरांचा कागद परत पाठवला, वर शेरा मारून: 'भीती अनाठायी होती.'

आम्ही चिडलो होतो. सर खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून वाटत होते. "बाराही जण पास! शिव्या मिळाल्या की नाही?"

बाकीचे कर्जतला निघाले. मी गाडीत चढत होतो, तेवढ्यात सर म्हणाले, "दांडेकर, तू थांब. मला वर एका वाडीवर जायचंय. दंड अजून दुखतो, पिशवी धरायला कुणी तरी हवं." मला वाटलं, आणखी एखादी विहीर असेल.

दीड तासाची चढण होती. एरवी सर दिसेल त्या विहिरीशी थांबत. त्या दिवशी एकाही विहिरीत डोकावले नाहीत. डोंगराच्या पोटात दहा-बारा घरं. पहिल्याच घराच्या अंगणात वाल वाळत घातले होते आणि एक पंचविशीची बाई ते हाताने परतत होती. तिचं नाव भागी. सरांना पाहून तिने हात पदराला पुसले, "या डाक्टरसाएब, औंदा उशीर क्येला," म्हणाली आणि घोंगडी टाकली. सर दरसाल येतात, हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं.

सर घोंगडीवर बसले. मग एकदम म्हणाले, "भागी, तुझे आई-बाप गेले, त्या साली जत्रेला बंदी होती."

"व्हय."

"तो बंदीचा हुकूम माझ्या सांगण्यावरून निघाला. त्यातलं अक्षर अन् अक्षर माझं होतं. मी तेव्हा नवा होतो. मला वाटलं, बंदी घातली, काम झालं. तुमची माणसं मागच्या रानातून देवीला गेली. वाटेत डबक्यातलं पाणी प्यायली. आजारी पडली तेव्हा हुकूम मोडला म्हणून धरतील, या भीतीने कुणी खाली आणलं नाही. मी इथे आलो तेव्हा अर्धी वाडी गेली होती. तू या ओट्यावर बसली होतीस." त्यांना दम लागला. "हे तुला सांगायचं राहिलं होतं."

भागी वाल परतत होती, तो हात थांबला नाही. "ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"ह्येच. माजं लगीन व्हायच्या आदीच पाटलानं सांगितलं व्हतं."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुमी येता, बसता, इहीर बगता, जाता. मी म्हनलं, बोलायचं आसल तवा बोलत्याल." तिने वालातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "आन् माजा बा लई हट्टी व्हता. बंदी नसती तरी त्यो रानातूनच गेला आसता."

"नाही, भागी. नीट समजावून सांगितलं असतं, तर थांबला असता. माणसं थांबतात. परवाच—"

"त्यो माजा बा व्हता, तुमचा नवता," भागी त्यांना तोडून म्हणाली. "त्याचं मला ठाव. तुमी जेवून घ्या."

आम्ही तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी जेवलो. सरांनी दोनदा आमटी मागून घेतली. निघताना भागी अंगणाच्या टोकापर्यंत आली.

"सावकाश उतरा, मामा," ती म्हणाली. "खाली दगड सुटं हायत."

आम्ही उतरू लागलो. सर पुढे, पिशवी घेऊन मी मागे. अर्धी उतरण झाल्यावर ते थांबले. मागे वळले नाहीत.

"दांडेकर, काय म्हणाली रे ती?"

"खाली दगड सुटे आहेत म्हणाली, सर."

"त्याच्या आधी."

"मामा म्हणाली."

सरांनी हॅट काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. मग हात मागे करून म्हणाले, "आण ती पिशवी इकडे. दंड आता दुखत नाही."